अंगणाचं माप

अंगण मोजलं ब्लाउजच्या टेपनं.
साठ इंची टेप तीनदा टाकली तरी भिंत आली नाही,
मग खडूनं खुणा करत गेले गुडघ्यांवर.
अठरा फूट लांब, बारा रुंद.
उदगिरात बावीस वर्षं शिवतेय,
एवढा घेर कुणाचा घेतला नव्हता.

देगलूर रोडच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
काकू, कोटा घ्या, घासला की आरसा होतो.
आरसा आहे माझ्याकडं एक, मशीनशेजारी.
त्याच्यापुढं आल्या की बायका पोट आत ओढतात.
अंगणात दुसरा कशाला?

तो दर सांगत होता, मी मनात कापत होते.
साध्या ब्लाउजचे दीडशे.
एका ब्लाउजात शहाबादी येते पाच फूट,
कोटा पावणेतीन.
म्हणजे एकीकडं त्रेचाळीस ब्लाउज आणि एक बाही,
दुसरीकडं ऐंशीच्या आसपास.
मजुरी वेगळी, मुरूम वेगळा,
आणि लग्नसराई तर संपत आलेली.

लेकीनं पुण्याहून फोटो पाठवला : आई, मॅट ग्रे घे.
छान होता. मोठा करून करून बघितला.
त्या अंगणात एकही चप्पल नव्हती.

शेवटी चार तुकडे मागून आणले नमुन्याला,
दारात ओळीनं मांडले.
मे महिना, दुपारचे दोन, मी अनवाणी.
टाइलवर चार आकडे मोजून झाले,
लाल ब्लॉकवर सहा,
कोट्यावर सात की आठ,
शहाबादीवर अकरा, तेही थोडे हट्टानं.
हे खिडकीतून म्हणाले, डोकं फिरलंय का?
तबस्सुमची सासू फिटिंगला आली
तिचा पाय ओल्या टाइलवरून सरकला.
ती सावरली, जरीचा पीस बादलीत गेला.
मांजर कुठल्याच तुकड्यावर बसली नाही.
दोन तुकड्यांच्या मधल्या मातीत
अंग मुडपून बसली, आठवडाभर.

मग मैनोद्दीन मिस्त्री आले.
नमुन्यांकडं बघितलंसुद्धा नाही,
कोपऱ्यात पहार मारली, ढेकूळ काढून तळहातावर फोडलं.
"वरचं काय बघता बाई. काळी हाय ही.
पावसात फुगती, उन्हाळ्यात अंग चोरती.
लोखंडे सरांचं अंगण बघा जावून,
नव्वद हजाराचं, पापडावानी उठलंय.
दोन फूट काढून टाकू, मुरूम भरू, धुम्मस करू.
आन् फरशीला फरशी भिडवायची न्हाई.
बोटभर जागा ठिवायची मधी."

ह्यांना ते पटेना.
फटी कशाला? कचरा बसेल, गवत येईल.
पैसे द्यायचे तर एकसंध दिसू दे की.

मी आत गेले.
दुरुस्तीच्या गाठोड्यातला एक जांभळा ब्लाउज काढला,
गवळ्यांच्या सुनेचा, लग्नातला.
उलटा करून मिस्त्रींच्या हातात दिला.
कडेला दोन्हीकडं दीड-दीड इंच कापड दुमडलेलं,
त्यावर जुन्या टाक्यांच्या तीन रेघा.
पहिल्या बाळंतपणाला एक उसवली, दुसऱ्याला एक,
परवा परत आला तेव्हाही थोडं उरलं होतं.
म्हटलं, आमच्यात ह्याला माया म्हणतात.
ती सोडली नाही तर कापड कितीही भारी असू दे,
बाई श्वास घेईल तिथं फाटतं.

मिस्त्रींनी अंगठा फिरवला शिवणीवरून.
सिमेंटनं चिरलेला अंगठा, जरीत अडकला,
त्यांनी हळूच सोडवला.
"आम्ही फट म्हणतो," म्हणाले,
आणि जरा वेळानं, "तुमचा शब्द बरा हाय."
हे काही बोलले नाहीत.
ब्लाउज घडी करून खुर्चीवर ठेवला, उलटाच.

शहाबादी ठरली, बिनपॉलिशची.
रात्री पाठकोऱ्या बिलावर परत हिशेब मांडला,
ह्या वेळी बोटभर जागा धरून, प्रत्येक सांध्याला.
दोनदा केला, खरं वाटेना म्हणून.
बाही वाचली.